एका वेळी किती पुस्तके?

मराठी घरात वाचनाचे वेड असलेल्या माणसाला जी बोलणी खावी लागतात, त्यांत एक म्हण हटकून असते : एक ना धड, भाराभर चिंध्या. उशाशी एक कादंबरी पालथी घातलेली, खिडकीच्या कट्ट्यावर एखादे चरित्र, आरामखुर्चीच्या हातावर कवितांचा संग्रह आणि प्रवासाच्या पिशवीत निराळेच काही, असा पसारा दिसला की वडील मंडळी विचारतात, "यातले एक तरी पुरे केलेस का?" प्रश्न रास्त आहे. परंतु ज्याला तो विचारला जातो त्याला सरळ उत्तर देता येत नाही. कारण त्याचे सुख पुस्तक पुरे करण्यात नसते, एका पुस्तकातून उठून दुसऱ्यात जाण्यात आणि परत येताना तेथले काही तरी बरोबर आणण्यात असते. हा केवळ चंचल मनाचा चाळा, की वाचनाची एक स्वतंत्र रीत, याचा निवाडा करावयाचा तर थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

वडिलांच्या त्या रागाचे मूळ पोथीत आहे. पोथी सुट्या पानांची. खालीवर लाकडी फळ्या, त्यांवर रुमाल, रुमालाला बंद. ती सोडावयाची म्हणजे हातपाय धुऊन पाटावर बसावे, एक पान वाचून झाले की पालथे ठेवावे, दुसरे उचलावे, आणि अध्याय संपला की पुन्हा सारे बांधून ठेवावे. अशा दोन पोथ्या शेजारी शेजारी सोडल्या आणि दारातून वाऱ्याची झुळूक आली, तर कोणते पान कोणाचे हे शोधण्यात संध्याकाळ जावयाची! शिवाय पोथी एकट्याने मनात वाचण्यासाठी नसे. वाचणारा एक, ऐकणारे दहा. त्या दहांची एकाग्रता एका आवाजावर टांगलेली. अशा वाचनाला आपण पारायण म्हणतो. पार म्हणजे पलीकडचा तीर. तेथपर्यंत जाणे ते पारायण. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांत पुरा व्हावयाचा, मधे खंड पडावयाचा नाही. हाताने लिहिलेला ग्रंथ दुर्मिळ, वाचणारा दुर्मिळ, आणि सवडही दुर्मिळ. त्या काळात एकच ग्रंथ धरून तडीस नेण्याचा नियम हा शहाणपणाचाच होता. पुढे छापखाने आले, पुस्तके स्वस्त झाली, मनात वाचण्याची सवय लागली. नियम मात्र मनातून गेला नाही. पालथ्या कादंबरीवर अजून रागावले जाते ते या जुन्या रुमालाच्या आठवणीने.

तथापि याच पोथ्यांच्या जगात अनेक प्रती पुढ्यात ठेवून वाचणारेही होते. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तोपर्यंत मूळ ग्रंथाला तीनशे वर्षांच्या जवळपास काळ लोटला होता. नकलून घेणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले होते आणि पाठांतरांची भर पडली होती. एकच प्रत घेऊन बसणाऱ्याला अशुद्ध काय हे कळण्याचा मार्गच नसतो; त्याच्या लेखी पुढ्यातले अक्षर तेवढे खरे. दुसरी प्रत शेजारी आली की पहिलीविषयी शंका उत्पन्न होते, आणि त्या शंकेतून विचार सुरू होतो. नाथांचे हे शुद्धीकरण म्हणजे भक्ती आणि चिकित्सा यांचा मिलाफ होय. ज्या ग्रंथाची पारायणे घरोघर झाली, त्याचा पाठ शेजारी शेजारी ठेवलेल्या प्रतींतून सिद्ध झाला, हे पारायणाच्या अभिमान्यांनी विसरू नये.

नाथांनी पैठणला केले तसल्याच कामाला तीन शतकांनंतर पुण्यात मोठे रूप आले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलबारच्या मलयाळम लिपीपर्यंत निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या जमविण्यात आल्या. त्या ताडून पाहण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. मोठ्या कागदावर घरे आखलेली. वरच्या ओळीत श्लोक एकेका अक्षराला एकेक घर देऊन लिहिलेला. आणि खाली एकेका पोथीत त्या अक्षराच्या जागी काय आहे ते मांडलेले. आदिपर्वाच्या प्रत्येक श्लोकासाठी निदान दहा पोथ्या पाहिल्या गेल्या, पुष्कळ ठिकाणी वीस-तीस, आणि पहिल्या दोन अध्यायांसाठी तर साठ. साठ माणसे एकच श्लोक आपापल्या उच्चाराने म्हणत आहेत आणि एक जण कान देऊन बसला आहे, असे ते चित्र! आदिपर्वाचा संपूर्ण खंड १९३३ मध्ये निघाला. सुकथनकर १९४३ च्या जानेवारीत वारले, आणि काम पुरे झाले ते १९६६ मध्ये. बाहेरून पाहणाऱ्याला हे नीरस वाटेल. परंतु माणसे आपले आयुष्य नुसत्या कर्तव्यबुद्धीने अशा कागदांवर घालवीत नाहीत. दोन पोथ्यांतला फरक सापडण्यात जी गोडी आहे ती ज्याने चाखली त्यालाच ठाऊक.

हे पंडितांचे झाले. सामान्य घरात ही सवय शिरली ती नियतकालिकांच्या वाटेने. हरि नारायण आपट्यांचे 'करमणूक' १८९० साली निघाले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. आठवड्याला एक प्रकरण हाती पडावयाचे. यमूचे पुढे काय होणार ही काळजी मनात ठेवून मधले दिवस काढावयाचे, आणि त्या दिवसांत घरातली माणसे वाचल्यावाचून थोडीच राहणार! कोणी व्रताची पोथी वाची, कोणी 'केसरी'तला अग्रलेख, कोणी पुराणातली कथा. म्हणजे एक गोष्ट अर्धी ठेवून दुसरी वाचणे, आणि पुन्हा पहिलीकडे येताना सुटलेला धागा अचूक पकडणे, ही विद्या क्रमशः कादंबरीने घराघरांत शिकविली. वाचणाऱ्याला पारायण करता येऊ नये अशीच तिची मांडणी होती. गंमत अशी की, अनेक पुस्तके अर्धवट ठेवण्याबद्दल नातवाला बोलणाऱ्या आजीबाई स्वतः दर आठवड्याला एक अर्धवट गोष्ट उराशी बाळगून असत.

दुसरी वाट ग्रंथालयांची. पालघरच्या किनाऱ्यावर, बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस समुद्राच्या अंगाला दांडी नावाचे गाव आहे. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेतली. ही दांडी ती नव्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर या गावाचा जिल्हा ठाणे होता. आणि ठाण्यासच १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह व्हावा या हेतूने. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघाले. अशा संस्थांतून वर्गणीदाराला बहुधा एक पुस्तक आणि एक मासिक घरी नेता येई. वरवर पाहता हा साधा हिशेबाचा नियम. पण त्यामुळे एका माणसाच्या घरी एका वेळी दोन प्रकारचे वाचन आपोआप येऊन पडू लागले, एक जड आणि एक हलके. दांडीसारख्या गावातून बोईसरला येऊन मुंबईची गाडी गाठणाऱ्या नोकरदाराची तर सोयच अशी की, गाडीतल्या गर्दीत वाचावयाचे पुस्तक वेगळे आणि रात्री समुद्राचा आवाज ऐकत वाचावयाचे वेगळे. उभ्याने, एका हाताने दांडा धरून तत्त्वज्ञान वाचवत नाही. तेथे गोष्टच हवी. वाचनाची जागा बदलली की पुस्तकही बदलते, यात चंचलपणा कसला?

युरोपात या हौसेने एकदा यंत्राचे रूप घेतले होते. आगोस्तीनो रामेल्ली या इटालियन यंत्रविशारदाचा ग्रंथ १५८८ साली पॅरिसमध्ये छापला गेला. त्यात पुस्तकांच्या चाकाचे एक चित्र आहे. पाणचक्कीसारखे उभे चाक, त्यावर कलती फळकुटे, प्रत्येकावर एक पुस्तक उघडलेले. वाचणाऱ्याने खुर्चीत बसून चाक फिरवावे. आतल्या दात्यांच्या योजनेने फळकुटांचा कल बदलत नाही आणि पुस्तके पडत नाहीत. एकनाथांच्या कार्यानंतर अवघ्या चार वर्षांनी ही कल्पना छापली गेली हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच काळात फ्रान्समध्ये मोंतेन्य आपल्या बुरुजातल्या ग्रंथालयात फेऱ्या घालीत कधी हे पुस्तक, कधी ते, असे क्रमावाचून चाळीत होता, आणि त्या चाळण्यातून निबंध हा वाङ्मयप्रकार जन्माला आला. रामेल्लीच्या चाकापेक्षा मोंतेन्यच्या येरझारा अधिक फलद्रूप झाल्या असे म्हणावयास हरकत नाही.

मग या वाचनात सुख नेमके कोठे आहे? मराठीतलेच उदाहरण घ्यावे. न्यायमूर्ती रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली निघाला. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये. पहिल्या ग्रंथात रानडे एका राष्ट्राच्या उदयाची कारणे शांतपणे शोधताना दिसतात. त्याचे प्रकरण मिटून आठवणी उघडाव्यात, तो तेच रानडे आपल्या तरुण पत्नीला शिकविताना भेटतात. घरातल्या बायकांचा विरोध, तिचे मुकाट्याने सोसणे, डोळे अधू झालेल्या पतीला तिने वाचून दाखविणे, हे सारे येते. पुन्हा इतिहासाकडे वळले की त्या शांत वाक्यांना एक आवाज लाभलेला असतो. दोन्ही पुस्तके एकामागून एक वाचली असती तरी माहिती तेवढीच मिळाली असती. परंतु पहिले अजून ऊन असताना दुसरे उघडल्याने जे झाले ते झाले नसते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले व पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केलेले 'ख्रिस्तायन' यांची जोडी लावून पाहावी. तोच अनुभव येतो. लेखकांनी एकमेकांशी न केलेले संभाषण वाचणाऱ्याच्या डोक्यात होते, आणि त्याचा श्रोता तो एकटाच असतो.

सर्वच पुस्तकांना ही संगत मानवते असे मात्र नाही. दोन कवी एकाच संध्याकाळी वाचले तर एकाचा ठेका दुसऱ्याचा ठेका मोडतो. रहस्यकथा मधेच ठेवली तर ती रागावून बसते, पुन्हा बोलत नाही. आणि पाचसहा पुस्तके उघडून एकाचेही नाव पंधरा दिवसांनी आठवू नये, असे वाचणारेही असतात. त्यांच्यापुरती ती म्हण खरीच आहे.

या सुखाची खरी किंमत पुस्तके हातची गेल्यावर कळते. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते, त्यानंतर लंडनमध्ये. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके विकत घेतली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून त्यांना परतावे लागले, तेव्हा सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते. महायुद्ध चालू होते; ते जहाज पाणबुडीने बुडविले. मालक सुखरूप मुंबईस पोहोचला आणि त्याची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. विम्याचे पैसे मिळाले. परंतु ज्या पुस्तकांच्या कडांवर विचार सुरू झालेले असतात त्यांचा विमा कोण उतरविणार? पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. नवी पुस्तके आली, सगळी पुन्हा हाताशी आली, तेव्हाच त्यांचे लिखाण त्या विस्ताराने होऊ शकले.

परंतु 'एका वेळी किती पुस्तके' हा प्रश्न एकदा अक्षरशः सरकारी हुकुमाचा विषय झाला होता.

बाळ गंगाधर टिळक सोळा वर्षांचे असताना, १८७२ साली, त्यांचे वडील शेवटच्या दुखण्यात होते. त्यांना गीतेवरील 'भाषाविवृति' नावाची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम मुलाकडे आले. तेथून गीतेचा नाद लागला. पुढे त्यांनी संस्कृत भाष्ये वाचली, इतर टीका वाचल्या, आणि मन अधिकच घोटाळ्यात पडले. शंकराचार्य म्हणतात ज्ञान, रामानुज म्हणतात भक्ती. अर्जुनाला तर लढावयास सांगितले आहे! तेव्हा सर्व टीका बाजूस सारून त्यांनी मूळ गीतेचीच पारायणे केली, असे ते स्वतः 'गीतारहस्या'च्या प्रस्तावनेत सांगतात. येथे अनेक पुस्तकांच्या कैवाऱ्याने जरा थांबले पाहिजे. दहा जण एकदम बोलू लागले म्हणजे अकराव्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो अकरावा कधी कधी मूळ वक्ताच असतो. त्याला ऐकण्यासाठी टिळकांनी बाकीची पुस्तके मिटली. पारायणाची रीत त्यांनी टाकून दिली नाही. त्यांच्या मुख्य सिद्धांताचा पाया तिच्यावरच आहे.

पण पाया म्हणजे घर नव्हे. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि बावन्न वर्षांच्या, मधुमेहाने पोखरलेल्या या माणसाला ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवले. त्या तुरुंगाचे वर्णन पुढे १९२५ साली तेथेच बंदिवान असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी न. चिं. केळकरांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. लाकडी गजांच्या त्या इमारतीत ऊन, थंडी, पाऊस आणि धुळीची वादळे यांपैकी कशालाच अटकाव नव्हता. अशा जागी टिळकांचा सोबती म्हणजे ग्रंथ. पुण्याहून त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस पत्रात मागितलेली पुस्तके पाठवीत. जर्मन आणि फ्रेंच ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून त्या भाषांचा अभ्यासही त्यांनी तेथे चालविला.

आरंभी सर्व पुस्तके जवळ ठेवण्यास मुभा होती. मग हुकूम झाला की, एका वेळी चारच पुस्तके ठेवावीत.

तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर चार हा आकडा मुळीच कंजूषपणाचा नव्हता. माणूस एक, डोळे दोन; चार पुस्तके पुष्कळ झाली. एक वाचावे, परत करावे, दुसरे न्यावे. पुस्तक म्हणजे वेळ घालविण्याचे साधन अशी ज्याची समजूत, त्याला यापेक्षा अधिक कशास लागतात हे कळणे कठीण. टिळकांचे काम मात्र या चौकटीत बसणारे नव्हते. गीतेच्या एका श्लोकाचा अर्थ लावावयाचा तर शांकरभाष्य हवे, रामानुजभाष्य हवे, ज्ञानेश्वरी हवी, उपनिषदे हवीत, महाभारतातले संबंधित पर्व हवे. आणि नीतिशास्त्राच्या तुलनेला मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन हवेत. या मंडळींना चार-चारच्या तुकडीने बोलावून सभा होत नाही. कांट परत पाठवून ग्रीन मागवावा, तोवर शांकरभाष्यातली जी ओळ दोघांशी ताडून पाहावयाची तिचा धागा निसटलेला! चार पुस्तकांच्या नियमाने वाचन बंद झाले नसते. बंद झाली असती ती तुलना, आणि तीच या ग्रंथाचा प्राण होती.

त्यांनी ब्रह्मदेश सरकारकडे अर्ज केला. ग्रंथलेखनासाठी ही सर्व पुस्तके लागतात हे कारण अखेर मान्य झाले आणि ती पुन्हा जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली. तिलाही अटी होत्याच. लिहिण्यास सुटे कागद नाहीत; बांधलेल्या वह्या, पानांवर आकडे घातलेले, म्हणजे एखादे पान फाडले तर कळावे. शाई नाही, शिसपेन. अशा वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात, शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून फाल्गुन वद्य अमावास्येपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांत, ग्रंथाचा पहिला खर्डा उतरला. एवढा ग्रंथ एवढ्या अवधीत कसा लिहिला याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण लिहिणे पाच महिन्यांचे असले तरी वाचणे अडतीस वर्षांचे होते.

त्या कोठडीत सुख होते, असे म्हणणे धाडसाचे वाटेल. १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची वार्ता त्यांना तेथेच मिळाली. तरीही पुस्तकांनी भरलेल्या त्या कोंदट जागेत एका बाजूला कुरुक्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला जर्मनीतले कोनिग्सबर्ग यांच्यामध्ये फिरणाऱ्या मनाला बंदीची जाणीव किती वेळ विसरता आली असेल, याची कल्पना 'गीतारहस्य' उघडून कोणत्याही तुलनेच्या पानावर केव्हाही करता येते. तेथे लेखकाचा सूर कैद्याचा नाही. वादात रंगलेल्या, घरी पाहुण्यांची दाटी झालेल्या यजमानाचा तो सूर आहे.

१९१४ च्या जूनमध्ये त्यांना मुक्त करून मध्यरात्री पुण्यास घरी आणून सोडले. मंडालेहून निघण्याच्या वेळी त्यांच्याजवळ साडेतीनशे ते चारशे पुस्तके जमली होती. वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या. त्या काही काळाने परत आल्या, आणि १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला.